स्वतः नकाशा काढता येईपर्यंत पडद्यावरचा नकाशा नको

खडूफळा

एकोणीस वर्षं माध्यमिकच्या वर्गांना भूगोल शिकवते आहे. यंदा आमच्या शाळेत वर्गावर्गात मोठे पडदे बसले आणि भूगोलाच्या तासाला पडदा लावायचाच, असं ठरलं. सहा महिने तसं करून पाहिलं. आता माझं मत पक्कं झालंय. विरोध असेल तर मोकळेपणाने करा, पुढच्या वर्षाचं नियोजन मला यावरूनच करायचंय.

मूल स्वतःच्या हाताने नकाशा काढू लागेपर्यंत त्याच्यापुढे पडद्यावरचा नकाशा ठेवू नये. माध्यमिकची पहिली दोन वर्षं कागद, माती, काठी आणि पृथ्वीगोल यांवरच जावीत.

समोच्च रेषांचा (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) धडा मी पडद्यावर त्रिमितीय डोंगर गरागरा फिरवून शिकवला. मुलं खूश. आठवड्याने स्थलनिर्देशक नकाशा (अशा रेषांनी चढउतार दाखवणारा) हातात दिला आणि विचारलं, या वस्तीतून त्या वस्तीत कमीत कमी चढ लागेल अशी वाट कुठून? बहुतेकांनी पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. रेषा जिथे दाट आहेत तिथे डोंगर ‘जास्त उंच’ आहे, असं कित्येकांनी लिहिलं. तिथे चढ उभा आहे, हे पोचलंच नव्हतं.

मग ट्रे काढला. खोल ट्रेमध्ये मातीचा डोंगर करायचा, एक बाजू उभी, दुसरी लांबवर उतरत जाणारी. (साधी माती विरघळते, तेलात मळलेली घ्या.) एक सेंटिमीटर पाणी ओतायचं आणि पाण्याची कड डोंगराला जिथे टेकते तिथे खिळ्याने रेघ ओढत फिरायचं. पुन्हा एक सेंटिमीटर, पुन्हा रेघ. शेंडा बुडेपर्यंत. मग पाणी काढून टाकायचं, ट्रेवर पारदर्शक प्लास्टिक ताणायचं आणि एक डोळा मिटून, बरोबर वरून बघत त्या रेघा उतरवून घ्यायच्या. उभ्या बाजूच्या रेघा आपोआप एकमेकींना चिकटतात. दोन तास गेले, फरशी बरबटली. पण त्यानंतर त्या वर्गात ‘दाट म्हणजे उंच’ असं कुणीही लिहिलेलं नाही.

दूरसंवेदक

ट्रेचा प्रयोग उत्तम, मीही करतो. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. भूगोलात काळ नावाची गोष्ट आहे आणि ती कागदावर दिसत नाही.

मध्य आशियातला अरल समुद्र घ्या. १९६० च्या सुमारास तो सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरचा, जगातल्या सरोवरांत चौथ्या क्रमांकाचा होता. कापसाच्या सिंचनासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी वळवलं आणि समुद्र आटत गेला. २००७ पर्यंत जेमतेम दहावा हिस्सा उरला, २०१४ मध्ये दक्षिण भागातलं पूर्वेकडचं खोरं पूर्ण कोरडं पडलं. पाठ्यपुस्तकात हे चार ओळींत संपतं. लँडसॅट उपग्रह १९७२ पासून पृथ्वीची छायाचित्रं घेत आहेत आणि २००८ पासून तो सगळा साठा कुणालाही फुकट मिळतो. त्यातली पाच-सहा वर्षांच्या अंतराची छायाचित्रं मी एकामागून एक लावतो. किनारा मागे सरकताना दिसतो तेव्हा वर्ग गप्प होतो.

आणि लगेच पुढचं छायाचित्र: २००५ मध्ये कझाकस्तानने कोक-अरल धरण बांधल्यावर उत्तरेकडच्या छोट्या भागात पाणी पुन्हा चढलेलं. ‘मग दक्षिणेकडे का नाही करत?’ हा प्रश्न मुलांकडूनच येतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला असे प्रश्न पडत असताना दोन वर्षं पडदा बंद ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

सव्वाआठची घंटा

दोघांनाही एक विचारतो. अरल कुठे आहे, हे त्या मुलांना पडदा लागण्याआधी माहीत होतं का?

मी पाठांतराच्या बाजूचा आहे आणि ते सांगायला मला संकोच नाही. अमू दर्या पामीरकडून येते, सिर दर्या तिएनशानकडून. हे डोक्यात असेल तर कळतं की या नद्यांचं पाणी दूरच्या डोंगरांतल्या बर्फाचं आहे आणि वाटेत त्या वाळवंटातून जातात. नसेल तर मुलाला फक्त एक निळा डाग लहान होताना दिसतो. कोरा नकाशा भरणं आज मागासलेलं समजलं जातं. माझ्या वर्गात दर सोमवारी होतं. दहा नावं, दहा मिनिटं. वर्षाअखेर तीनशेच्या वर नावं जागेवर बसलेली असतात आणि बातमीत आलेलं ठिकाण मुलाला शोधावं लागत नाही.

उलटतपासणी

@सव्वाआठची घंटा, नावं हवीतच, पण नावांनी सुरुवात केली की बहुतेक मुलांचा भूगोल तिथेच संपतो. माझा संपला होता. शाळेत पैकीच्या पैकी मिळवले, आणि पर्जन्यछाया, म्हणजे डोंगरापलीकडची कमी पावसाची बाजू, का तयार होते हे कॉलेजात गेल्यावर समजलं.

मी आता शिकवते तेव्हा उलट्या बाजूने जाते. दोन शहरांचे तापमानाचे आलेख देते, नावं झाकून. एकात बाराही महिने १४-१५ अंशांच्या आसपास, दुसऱ्यात २६ ते २८. दोन्ही रेषा जवळजवळ सपाट. कुठली असतील? सपाट रेषेवरून विषुववृत्त ओळखणारी दोन-तीन मुलं निघतात, पण थंड शहरापाशी अडतात, कारण विषुववृत्त म्हणजे उकाडा हे पाठ असतं. वाद रंगू द्यायचा. मग नावं उघडायची: कीटो (एक्वाडोर) आणि मनाउस (ब्राझील). मग नकाशासंग्रह उघडून कीटोची उंची शोधायला सांगायची. २,८५० मीटर. या मुलांना कीटो पाठ करावं लागत नाही.

दुसरा माझा आवडता धडा १८५४ मधल्या लंडनच्या कॉलऱ्याचा. जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यू नकाशावर मांडले, ते ब्रॉड स्ट्रीटवरच्या पिण्याच्या पाण्याच्या पंपाभोवती दाटले होते, पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली. मुलांना ठिपके आणि पंप दाखवलेला नकाशा द्या, ती स्वतः पंप शोधून काढतात.

रेखावृत्त

@उलटतपासणी, हा धडा अनेक ठिकाणी असाच सांगितला जातो, पण तो दुरुस्त करायला हवा. दांडा ८ सप्टेंबरला निघाला तोवर साथ ओसरू लागली होती, बरेच लोक वस्ती सोडून गेले होते. स्नोने स्वतःच ते नमूद केलंय. शिवाय प्रसिद्ध नकाशा त्यानंतर तयार झाला. पंपावरचा संशय आधी आला, तो मृतांच्या यादीवरून आणि घरोघरच्या चौकशीवरून.

खरं शिकवण्यासारखं आहे ते ठिपके *नसलेल्या* जागांमध्ये. पंपाजवळच गरीब-निराधारांना ठेवून घेणारं एक श्रमगृह होतं. पाचशेहून जास्त माणसं, मृत्यू फक्त पाच. त्यांची स्वतःची विहीर होती. जवळच्याच मद्यनिर्मिती कारखान्यातले कामगार पंपाचं पाणी पीतच नव्हते, त्यांच्यातलं कुणी दगावलं नाही. मुलांना सांगा, पंपाच्या इतक्या जवळ असून ही दोन घरं कोरी का, ते विचार करून लिहा. दाट ठिपके कुणालाही दिसतात, कोऱ्या जागेवर बोट ठेवणारं मूल नकाशा वाचायला लागलेलं असतं.

आता मूळ विषय. पडद्यावर जगाचा जो सपाट नकाशा आपण सर्रास उघडतो, तो बहुधा मर्केटर या नकाशाकाराच्या प्रक्षेपणाचा (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीचा) वंशज असतो. मर्केटरने ते १५६९ मध्ये खलाशांसाठी केलं, कारण त्यावर काढलेली सरळ रेघ म्हणजे होकायंत्राची एकच दिशा. दिशा सांभाळली, आकारमान सोडून दिलं. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात ग्रीनलंड सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, आफ्रिका ३ कोटींच्या वर, म्हणजे चौदापट. ६० अंश अक्षवृत्तावर लांबी दुप्पट ताणली जाते, म्हणून क्षेत्रफळ चौपट दिसतं, हे नववी-दहावीच्या गणितात बसतं. पण ‘सपाट नकाशा खोटं बोलतो’ हे मुलाला कधी पटतं? जुन्या चेंडूवर खंड रंगवून, तो कापून, टेबलावर सपाट करायचा प्रयत्न केल्यावर. कडा फाटतात किंवा ताणाव्या लागतात, तिसरा मार्ग नाही. म्हणून मी धागाकर्तीच्या बाजूने. आधी गोल, मग कागद, मग पडदा.

दूरसंवेदक

@रेखावृत्त, पण भिंतीवरचे कितीतरी कागदी नकाशेही मर्केटरचेच असतात! हा दोष पडद्याचा नाही. उलट पडद्यावर ग्रीनलंड बोटाने ओढत विषुववृत्तावर आणता येतं आणि आणताना ते आकसतं. चेंडूही कापा, हेही दाखवा.

एका विद्यार्थिनीची आई

माझी मुलगी नववीत आहे, तिला दिसत नाही. पडदा की कागद, हा वाद तिच्यासाठी सारखाच. दोन्हीकडे ती बाहेर. शाळेत नकाशाचा तास म्हणजे तिला मोकळा तास होता. कुणी मुद्दाम केलं नाही, कुणाला सुचलंच नाही.

शेवटी घरी सुरुवात केली. जाड पुठ्ठा, नद्यांसाठी दोरा, वाळवंटाला खरखरीत कागद, पर्वतांना माती. पहिल्या नकाशात मी सगळंच घातलं आणि तिला काहीच समजेना. डोळा एका दमात नकाशा बघतो, बोटाला तो तुकड्या-तुकड्याने जोडावा लागतो. म्हणून आता एका प्रदेशाचे चार नकाशे करतो: एकात फक्त किनारा आणि सीमा, एकात नद्या, एकात उंचसखलपणा, एकात शहरं. चारही एकाच मापाचे, वरच्या उजव्या कोपऱ्यात खाच, म्हणजे उत्तर कुठे ते कळतं. नदी उगमाकडून मुखाकडे बोटाने जाताना तिने विचारलं, ‘ही इथे एकदम का वळली?’ मी उंचसखलपणाचा नकाशा पुढे केला. तिचं तिनेच शोधलं.

खडूफळा मॅडम, तुमचा तो मातीचा डोंगर तिच्या वर्गात झाला असता तर ती सगळ्यांच्या पुढे असती.

खडूफळा

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. एका प्रदेशाचे चार नकाशे ही पद्धत मी डोळस मुलांसाठीही घेणार आहे. आपण एकाच पानावर किती कोंबतो, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

@दूरसंवेदक, दोन वर्षांची अट मी मागे घेते. अरलची छायाचित्रं पहिल्याच वर्षी दाखवीन. पण त्याआधी मुलं नकाशासंग्रहावरून त्या दोन नद्या, उगमापासून, स्वतः काढतील. तेवढं मी सोडणार नाही. @सव्वाआठची घंटा, सोमवारची दहा मिनिटंही घेते, फक्त त्या आठवड्याच्या धड्यात येणारीच दहा नावं.

आणि एक प्रस्ताव. इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये सावलीवरून पृथ्वीचा घेर काढला. दक्षिणेकडच्या सायनीत (आजचं अस्वान) सूर्य डोक्यावर, अलेक्झांड्रियात ७.२ अंश कललेला, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. हेच दोन शाळा मिळून करता येईल. एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करायची, घड्याळातल्या बाराकडे बघायचं नाही, दर पाच मिनिटांनी टोकाची खूण करत सर्वांत आखूड सावली शोधायची. सावली भागिले काठी, त्यावरून कोन. दोन शाळांमध्ये उत्तर-दक्षिण ५५५ किलोमीटर असतील तर कोनात ५ अंशांचा फरक यायला हवा. शाळा एकाच रेखावृत्तावर नसल्या तरी चालतं, अंतर मात्र दोन अक्षवृत्तांमधलं घ्यायचं.

दूरसंवेदक

मी तयार आहे. तुमच्यापासून उत्तर-दक्षिण बराच दूर आहे, त्यामुळे फरक चांगला येईल. आधी पडदा की आधी पेन्सिल, यावर माझं मत अजून बदललेलं नाही. नद्या काढायला लावल्या की कच्च्या हाताची मुलं छायाचित्रापर्यंत पोचायच्या आधीच कंटाळतील, अशी मला भीती वाटते. काठीच्या दिवशी दोन्ही वर्ग फोनवर जोडून ठेवू. ढग आले तर दुसऱ्या दिवशी, पण दोन्हीकडे एकाच दिवशी. नाहीतर सूर्य मध्येच सरकतो आणि कोन चुकतो.

सव्वाआठची घंटा

तिसरी शाळा चालेल का? काठ्या कापून ठेवल्यात.