धागा: महाराणी ताराबाई आणि अमात्यांचा प्रसंग किनाऱ्यावर चित्रित करताना

प्रसंग १७०० सालातला: महाराणी ताराबाई आणि रामचंद्रपंत अमात्य एक पत्र लिहवून घेताहेत. चित्रीकरण मालवणला, मागे सिंधुदुर्ग. कोकणात ऐतिहासिक चित्रपटांचं काम केलेल्यांनी आपापल्या खात्यातलं लिहा. आठवणी नकोत, कामाचं हवं.

कलाविभाग: चौकटीत आधी सुरूची झाडं शोधा. किनाऱ्यावरचं सुरूबन एकोणिसाव्या शतकानंतरचं, म्हणजे या प्रसंगात खोटं. माड चालतील. मंगलोरी कौलं तर १८६५ नंतरचीच, तेव्हा मागची घरं माडाच्या झापांनी झाका. किल्ला संरक्षित स्मारक आहे. परवानगी हातात आल्याशिवाय सामान हलवू नका आणि तटात खिळा मारू नका.

वेशभूषा: राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये गेले. त्यानंतरच्या प्रसंगात कुंकू, मंगळसूत्र, हिरवा चुडा नाही. 'राणी वाटली पाहिजे' म्हणून कोणी नथ मागेल, देऊ नका. पंचविशीतली विधवा राणी डोक्यावरून पदर घेऊन ताठ बसली की दरारा तेवढ्यानेच येतो. शिवलेली नऊवारी नको. मांडी घातली की तिच्या निऱ्या पुठ्ठ्यासारख्या उभ्या राहतात. अमात्यांना पुणेरी पगडी घालू नका, ती पुढच्या काळातली. खाऱ्या हवेत जरीची तार काळी पडते, काम संपलं की वस्त्रं कोरड्या मलमलीत गुंडाळा.

होडी: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला सव्वाअकराच्या. दुसऱ्या दिवशी साधारण ५० मिनिटं पुढे. तटावरची पाण्याची ओल सकाळी एका उंचीवर, दुपारी दुसऱ्या; एकच संवाद दोन वेळा घेतला की जुळत नाही. त्यासाठी भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे लहान भरतीचे दिवस धरा, पाणी कमी हलतं. पावसाळ्यात होड्या बंदच.

वरच्याला पुरवणी: हा हिशेब अंदाजाचा. जड सामान उतरवायचं असेल तर भरतीचा तक्ता बघाच.

मोडी लेखन: हाताचा जवळून शॉट असेल तर बोरू मोडी येणाऱ्याच्याच हातात द्या. आधी ओळभर शिरोरेघ, मग तिला लोंबणारी अक्षरं, हात शक्यतो न उचलता. वाऱ्यात शाई टोकावरच वाळते, अक्षर मध्येच तुटतं. दर तीन-चार शब्दांनी बोरू बुडवा. कागदाखाली फळी हवी. शाई टिपायला चाळलेली कोरडी वाळू वापरा. पायाखालची उचललीत तर तिच्यातल्या मिठाला दमट हवेत पाणी सुटतं आणि मजकूर पसरतो.

प्रकाश: समईच्या वातीची लांबी प्रत्येक शॉटआधी मोजा, नाहीतर दोन शॉट जुळत नाहीत.