विषय: ॲन आर्बर, मॅचचा वीकेंड – फक्त दोघांसाठी

स्वाती:

मंडळी नमस्कार,

येत्या सीझनला ॲन आर्बरला जाऊन मिशिगन विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची एक होम मॅच बघायचा विचार आहे. आम्ही दोघंच, मुलं आजी-आजोबांकडे. बेत साधा आहे: शनिवारी पहाटे शिकागोजवळच्या नेपरविलहून गाडी काढायची, मॅच, रात्री मुक्काम, रविवारी परत. ह्यांना या खेळातलं सगळं कळतं, मला काडीचंही नाही. कोणती मॅच घ्यावी, राहावं कुठे आणि मॅचशिवाय तिथे दोघांना करण्यासारखं काय आहे? जाणकारांनी सांगावं.

श्रीकांत:

स्वाती,

बेतात पहिलीच गोम वेळेची आहे. मॅच किती वाजता सुरू होणार हे तुमच्या-आमच्या हातात नाही, विद्यापीठाच्याही नाही. ते टीव्हीवाले ठरवतात. मोजक्या मॅचेसची वेळ उन्हाळ्यातच जाहीर होते. बाकीच्यांची १२ दिवस आधी, म्हणजे सोमवारी कळते, आणि कधीकधी फक्त ६ दिवस आधी, म्हणजे आदल्या रविवारी. शक्यता तीनच: दुपारी १२, साडेतीन किंवा संध्याकाळी साडेसातच्या आसपास. तुमचा अख्खा शनिवार या एका आकड्यावर लटकलेला असतो.

आता १२ ची मॅच धरून तुमची पहाट मोजा. मिशिगन ईस्टर्न टाइममध्ये, म्हणजे तिथले १२ हे आपले ११. आय-९४ वर न्यू बफेलोच्या अलीकडे राज्याची हद्द लागली की फोनमधलं घड्याळ एक तास पुढे उडी मारतं. अंतर साधारण २६० मैल, न थांबता सव्वाचार तास. गाडी लावून, चालत जाऊन, गेटच्या रांगेतून आत बसायचं तर गावात १० ला, म्हणजे आपल्या ९ ला पोचलं पाहिजे. एक चहाचा थांबा धरला की पहाटे सव्वाचारला निघणं आलं. वाटेत इंडियानातल्या गॅरीजवळ रस्त्याचं काम चालू असलं की तेही गणित कोसळतं. आणि चारला उठलेला नवरा तिसऱ्या क्वार्टरमध्ये पेंगतो, तिकिटाचे पैसे पाण्यात.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच निघा. तसंही मॅचच्या वीकेंडला बहुतेक हॉटेलं दोन रात्रींखाली बुकिंग घेत नाहीत. म्हणजे शुक्रवारच्या रात्रीचे पैसे देणारच आहात, तर झोपाही तिथेच. वेळापत्रक जाहीर झालं की लगेच बुकिंग करून ठेवा, पण रद्द करता येईल असं. फक्त रद्द करायची मुदत नीट वाचा. एरवी ती एक-दोन दिवसांची असते, मॅचच्या वीकेंडला बरीच आधी संपते.

राहायला डाउनटाउनमध्ये मिळालं तर उत्तमच, सगळं पायी होतं. पण महाग आणि आधी भरतं. मधला मार्ग म्हणजे आय-९४ च्या १७७ नंबरच्या एक्झिटजवळ, ब्रायरवुड मॉलच्या आजूबाजूला. तिथून स्टेडियम दोनेक मैल, धडधाकट माणूस चालत जातो. यूएस-२३ च्या ४१ नंबर एक्झिटला, प्लिमथ रोडवरही हॉटेलं आहेत. तिथून गाडी काढावी लागते, पण गाव लांब पडत नाही.

मॅच कोणती? ओहायो स्टेट या कट्टर प्रतिस्पर्ध्याबरोबरची सोडा. ती थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी असते, ॲन आर्बरला विषम सालीच येते, तिकीट अवाच्या सवा, थंडी कडाक्याची आणि वातावरण वैराचं. पहिल्या खेपेला ती नको. सप्टेंबरातल्या सुरुवातीच्या मॅचेस स्वस्त असतात, हवा गरम, पण बऱ्याचदा एकतर्फी. हाफटाइमनंतर अर्धं स्टेडियम उठतं. ऑक्टोबरच्या मध्यावरची बिग टेन (मिशिगन ज्या गटात खेळतं तो विद्यापीठांचा गट) मधली एखादी मधल्या वजनाच्या संघाबरोबरची मॅच बघा. झाडांना रंग चढलेला असतो आणि अंगावर एक जाकीट पुरतं.

निखिल:

श्रीकांतदादांना एक जोड. गाडी चालवायची नसेल तर शिकागो युनियन स्टेशनहून ॲमट्रॅकची वुल्व्हरीन नावाची रेल्वे आहे, दिवसाला तीन फेऱ्या. कागदावर साडेचार-पाच तास. इंडियानातल्या पोर्टरपर्यंत ती मालगाडीवाल्यांच्या रुळांवर चालते आणि खोळंबते ती बहुतेक तिथेच. पुढे रूळ ॲमट्रॅकचे आणि मिशिगन राज्याचे, तिथे काही टप्प्यांत ताशी ११० मैलांपर्यंत पळते. म्हणून मॅचच्या दिवशी सकाळच्या गाडीवर भिस्त ठेवू नका, शुक्रवारचीच घ्या. ॲन आर्बरचं स्टेशन डेपो स्ट्रीटवर आहे, तिथून डाउनटाउनलगतचा केरीटाउन भाग चालत दहा मिनिटं. डाउनटाउनमध्ये राहणार असाल तर गाडीची गरजच नाही.

तिकिटं फक्त मोबाइलवर असतात. एक लाखावर माणसं एकाच कोपऱ्यात उभी राहिली की नेटवर्क मान टाकतं, गेटवर ॲप गोल गोल फिरत बसतं. आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या. आणि दोन्ही तिकिटं एका फोनवर ठेवू नका, एक नवऱ्याच्या फोनवर ट्रान्सफर करा. गर्दीत चुकामूक झाली तर निदान दोघं आत तरी जाल. पुनर्विक्रीत स्वस्त दिसणारं तिकीट स्टुडंट तिकीट नाही ना हे बघा. बाहेरच्या माणसाला ते तसंच चालत नाही.

स्वाती:

दोघांचेही आभार. शुक्रवारी निघायचं पक्कं. आता सीट कुठल्या घ्यायच्या, काय न्यायचं, आणि मला कंटाळा येऊ नये म्हणून खेळ किती समजून घ्यायचा, तेवढं कुणी सांगेल का?

मेधा:

स्वाती,

आधी मैदान डोळ्यांसमोर आण. मिशिगन स्टेडियम १९२७ चं, आसनक्षमता १,०७,६०१. बाहेरून बघितलं तर एवढं अवाढव्य वाटत नाही, कारण बरंचसं जमिनीत खणून बसवलेली वाटी आहे. तू रस्त्याच्या पातळीवर आत शिरतेस आणि एकदम तो खड्डा पायाखाली उघडतो. याचा व्यवहारातला अर्थ असा: खालच्या रांगेचं तिकीट म्हणजे भरपूर पायऱ्या उतरणं, आणि हाफटाइमला बाथरूमसाठी तेवढ्याच चढणं. अगदी खाली बसलं तर बाजूला उभ्या खेळाडूंच्या पाठीच दिसतात. मधल्या उंचीची रांग घ्या, खेळाची रचनाही तिथूनच कळते.

मैदान उत्तर-दक्षिण आहे. साडेतीनच्या मॅचला पूर्वेकडच्या बाजूला बसणाऱ्यांच्या डोळ्यांत मावळतं ऊन येतं, पश्चिमेकडचे सावलीत. सप्टेंबरात पश्चिम बाजू घ्या, ऑक्टोबर संपत आला की पूर्व. तेव्हा तेच ऊन हवंहवंसं वाटतं.

सीट म्हणजे खुर्ची नव्हे. ॲल्युमिनियमचा लांब बाक आणि त्यावर रंगवलेले आकडे, एका आकड्याच्या वाट्याला जेमतेम दीड फूट. सगळे जाकिटं घालून आले की ओळ मावत नाही, मग प्रत्येकजण एक खांदा पुढे एक मागे करून तिरका बसतो. नवरा-बायकोसाठी वाईट नाही, पण शेजारचे अनोळखी काकाही तेवढेच जवळ असतात. थंडीत तो बाक अंगातली ऊब खेचून घेतो. खाली पातळ फोमचा तुकडा घ्या, आणि पायाखाली पुठ्ठा. हसू नकोस, गारठा बुटाच्या तळव्यातून चढतो. सुती मोजे नकोत. घाम धरतात आणि मग पाय बर्फ होतात. लोकरीचे घाला.

बॅग, पर्स, बॅकपॅक नेऊच नका. किल्ल्या, फोन, कार्ड खिशात. नियम सीझनगणिक थोडे बदलतात, आदल्या आठवड्यात एकदा वाचून घ्या. छत्री चालत नाही, पावसाचा अंदाज असेल तर दोन प्लॅस्टिकचे पोंचो. एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत, तेव्हा "गाडीतून स्वेटर आणते" हा प्रकार नाही. रंग मक्याचा पिवळा आणि निळा. लाल घालू नकोस, तो ओहायो स्टेटचा. आणि हिरवा मिशिगन स्टेटचा, म्हणजे याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाचा. कुणी काही करत नाही, पण टोमणे तीन तास चालतात.

खेळ एवढाच समजून घे: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेले तर नवे चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. चौथ्या प्रयत्नाला बहुतेक वेळा लाथ मारून चेंडू लांब देऊन टाकतात, म्हणून खरी धडपड तिसऱ्याला. समोरच्या संघाचा तिसरा प्रयत्न असला की सगळं स्टेडियम बोंब ठोकतं, त्यांना आपल्या खेळाडूचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. मिशिगनकडे चेंडू असताना मात्र गप्प बसायचं. नवखे नेमकं उलटं करतात. १५ मिनिटांचे चार क्वार्टर, पण घड्याळ सारखं थांबतं. धरून चाल साडेतीन तास. हाफटाइम २० मिनिटांचा असतो, तेव्हा बाथरूमला पळू नकोस. विद्यापीठाचा बँड तेव्हा मैदानात उतरतो आणि खेळ न आवडणाऱ्यालाही तो आवडतो. रांगेत उभं राहायचं तर दुसरा क्वार्टर संपायच्या पाच मिनिटं आधी.

श्रीकांत:

मेधाताईंनी सगळं सांगितलं, जेवण राहिलं. तिथेच लोक फसतात.

१२ ची मॅच साडेतीनला संपते. सगळे एकदम निघतात, तासभर गाडी हलत नाही. तेव्हा गाडी स्टेडियमजवळ लावूच नका. डाउनटाउनच्या पार्किंग इमारतीत लावा आणि मेन स्ट्रीटने सरळ दक्षिणेला चालत जा. लिबर्टी स्ट्रीटच्या कोपऱ्यापासून सव्वा मैल, पंचवीस-तीस मिनिटं. वाटेत ॲश्ली आणि मॅडिसनच्या कोपऱ्यावर वॉशटेनॉ डेअरी लागते, १९३४ पासूनची, डोनट आणि आइस्क्रीमसाठी. टेबल साडेसहाचं बुक करा.

साडेतीनची मॅच दोघांसाठी सगळ्यांत सोयीची. शनिवारचा शेतकरी बाजार केरीटाउनमध्ये सकाळी ७ पासून असतो. सफरचंदं, सायडर, कोवळे भोपळे. शेजारीच झिंगरमन्सचं विटांच्या इमारतीतलं डेली, म्हणजे सँडविचचं दुकान, १९८२ चं. शाकाहारी सँडविच मिळतं, पण मॅचच्या दिवशी ११ नंतरची रांग बाहेर फुटपाथवर येते, साडेदहाच्या आत जा. भरपेट खाऊनच मैदानावर जा, रात्रीचं टेबल नऊच्या आधीचं घेऊ नका.

साडेसातची असेल तर बाहेर पडेपर्यंत ११ वाजतात आणि स्वयंपाकघरं बंद व्हायला लागलेली असतात. संध्याकाळी पाचला जेवा आणि हॉटेलच्या खोलीत ठेपले-चटणी ठेवा. याला तोड नाही.

मेधा:

रविवार मी सांगते, कारण माझ्या मते दोघांसाठी खरा दिवस तोच. गाव रिकामं झालेलं असतं आणि रस्त्यावरच्या मीटरचं पार्किंग फुकट.

सकाळी निकल्स आर्बोरेटम. नदीकाठचं मोठं वन-उद्यान, प्रवेश मोफत. गेडीज ॲव्हेन्यूच्या बाजूने शिरलात तर उतरणीवर मोठं गवताळ मैदान लागतं, तिथून दोन्ही अंगांनी रंगलेली झाडं दिसतात. मागून कुणीतरी हमखास घसरत येतं, ओल्या पानांवर साधे स्नीकर टिकत नाहीत. पार्किंग मोजकंच, नऊच्या आधी पोचा.

मग कॅम्पस. मिशिगन युनियनच्या पायऱ्यांवर एक गोल चकती बसवलेली आहे: १४ ऑक्टोबर १९६० च्या पहाटे दोन वाजता केनेडींनी पीस कोअरची, म्हणजे परदेशांत मदतीला जाणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या संस्थेची, कल्पना तिथून मांडली. जवळच लॉ क्वाड, म्हणजे कायद्याच्या कॉलेजचं आवार, दगडी कमानी, फोटो तिथे काढा. डायग चौकात जमिनीत पितळेचा एम आहे. पहिल्या परीक्षेआधी त्यावर पाय पडला तर नापास, अशी समजूत. तुम्ही परीक्षेला बसणार नाही, पण मुलांसाठी चुकवून चाला. कला संग्रहालय मोफत आहे, दुपारी तासभर पुरतं. आणि मेन स्ट्रीट-लिबर्टीच्या भागात दुकानांच्या भिंतींना गुडघ्याखाली वीतभर परीचे दरवाजे बसवलेले आहेत. शोधत चाललं की दोन तास कसे जातात कळत नाही.

निखिल:

परतीला एवढंच बघा: नोव्हेंबरातला वीकेंड घेतलात तर कॅलमझू ते बेंटन हार्बरच्या पट्ट्यात सरोवरावरून येणारा बर्फ अचानक पडतो, शिकागो आणि ॲन आर्बर दोन्हीकडे लख्ख ऊन असलं तरी. फोनवर दोन टोकांचं हवामान न बघता मधल्या गावांचं बघा. तीनच्या सुमारास निघालात तर घड्याळ एक तास मागे येतं, जेवायला घरी.

स्वाती:

ऑक्टोबरचा दुसरा की तिसरा शनिवार, वेळापत्रक बघून ठरवते. हॉटेल आजच बुक करते. ठेपले माझ्याकडे.