गेट म्हणजे फक्त फाटक?

वर कुणी लिहिलंय की ‘गेट’ला मराठीत ‘फाटक’ आणि ‘दरवाजा’ एवढेच शब्द, बाकी सगळं इंग्रजीतच बोलावं लागतं. हे मला अजिबात पटलं नाही. शब्द भरपूर आहेत, आपण वापरायचे सोडले. गावाची ती वेस, देवळाचं ते महाद्वार, रेल्वेचं फाटक. आणि धरणाला मात्र आपण फाटक म्हणत नाही. पावसाळ्यात बातमी येते ती ‘गोसेखुर्दचे ३३ दरवाजे उघडले’ अशीच. आमच्या नागपूरच्या महाल भागात तर जुम्मा दरवाजा होता, त्याचं गांधी गेट झालं. वास्तू तीच, शब्द बदलला.

इथे कुणीच न सांगितलेला शब्द म्हणजे दिंडी. मोठ्या दरवाजाच्या एका फळीत कापलेलं छोटं दार, इंग्रजीतलं विकेट गेट. आजोळच्या वाड्यात रात्री अडसर घातला की येणंजाणं दिंडीतूनच. खालची चौकट पायाला लागायची, वरची डोक्याला. आजी आतून ओरडायची, “वाकून ये रे, कपाळ फुटेल!” मधल्या भागातलं लाकूड हात लागून लागून काळं, गुळगुळीत झालं होतं.

आणि एक, इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या रस्त्यांच्या नावांत शेवटी येणारं ‘गेट’ दरवाजाचं नाही. ते जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘गाता’चं, म्हणजे रस्त्याचं. तिथल्या जुन्या तटबंदीचे दरवाजे ‘बार’ म्हणवतात.