मदत हवी आहे: टेस्टोस्टेरॉन २८१. रिपोर्टमध्ये नॉर्मल, जिमवाला म्हणतो लो

मंडळी, मित्रांत हा विषय काढला की टिंगल सुरू होते, म्हणून इथे विचारतोय.

वय ३९, उंची पाच फूट सात इंच, वजन ९१ किलो. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सुपरवायझर आहे, पाळ्या फिरत्या. कंपनीच्या वार्षिक तपासणीत यंदा टेस्टोस्टेरॉनही (पुरुषी हार्मोन) होतं. तिसरी पाळी करून घरी आलो, नाश्ता केला, जरा पडलो आणि साडेबाराच्या सुमारास लॅबचा मुलगा येऊन रक्त घेऊन गेला. आकडा आला २८१ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. शेजारी रेंज छापलीय २४९ ते ८३६, म्हणजे मी आत. पण पॅकेजवाल्यांच्या अ‍ॅपमध्ये हाच आकडा पिवळ्या पट्टीत दाखवतात आणि खाली 'तज्ज्ञांशी बोला'चं बटण. जिमच्या ट्रेनरचं म्हणणं, ३००च्या खाली म्हणजे लोच, इंजेक्शनं सुरू करा. ती तोच आणून देणार, चिठ्ठीबिठ्ठी लागत नाही म्हणे.

त्रास म्हणाल तर दुपारी गळून जायला होतं, चिडचिड वाढलीय, पोट सुटलंय. इच्छा पूर्वीपेक्षा कमी झालीय, गेलेली नाही. सकाळची ताठरता दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात, झोप पुरी झाली की असते. रात्रपाळीत विचारूच नका. बायको म्हणते घोरणं फार वाढलंय. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९ आहे, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) नॉर्मल. औषध कसलंच नाही, केस गळतात म्हणून एक गोळी घेतो तेवढीच.

मुलगी सहा वर्षांची आहे, दुसऱ्या मुलाचा विचार चालू आहे. तर २८१ हा माझ्या वयाला बरा आकडा आहे का? आणि निरोगी पातळी ओळखायची कशावरून, रेंजवरून की लक्षणांवरून?

*

टेस्टट्यूब: लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. आधी वेळेचं बोलू. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. खाल्ल्यावरही खाली येतं. म्हणून रक्त सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचं, आणि कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा. जागरण करून, नाश्ता करून, साडेबाराला दिलेल्या रक्तावरून कुणीही काही ठरवू नये. त्या पोराने विचारायला तरी हवं होतं.

रेंज किटप्रमाणे बदलते. २०१७ साली अमेरिका आणि युरोपातल्या लठ्ठ नसलेल्या १९ ते ३९ वयाच्या पुरुषांवरून काढलेली रेंज २६४ ते ९१६ आहे. ट्रेनरचा ३०० अमेरिकेतल्या यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेचा, पण तो सकाळच्या दोन तपासण्या आणि सोबत लक्षणं असतील तर. हे शेपूट जिमपर्यंत पोचत नाही.

केसांच्या गोळीत बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) आहे का बघा. काही किटांवर त्याने टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि टीएसएच खोटं कमी दिसतं.

पारावरचा: आमच्या ट्रेनरकडे पण सगळ्यांचंच लो असतं. त्याचं स्वतःचं सोडून.

कडूकिराईत: एमडी मेडिसिन आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

सगळ्यात आधी, ते इंजेक्शन घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच हे हार्मोन सोडणं थांबवते. वृषणांना हुकूमच मिळत नाही आणि शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात. बंद केल्यावर परत यायला कित्येक महिने, कधी वर्षाच्या वर लागतं. मूल हवं असलेल्या माणसाला आम्ही हे देत नाही. ज्यांना खरंच लागतं त्यांचंही हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) अधूनमधून बघावं लागतं, कारण रक्त घट्ट होतं. जिममध्ये ते कोण बघणार?

लक्षणांचं म्हणाल तर थकवा आणि चिडचिड कशानेही होते. टेस्टोस्टेरॉनशी खरा संबंध तीन गोष्टींचा: इच्छा कमी होणं, संबंधाच्या वेळी ताठरता न येणं आणि सकाळची ताठरता जाणं. तुमची झोप झाली की येते, ही चांगली खूण आहे.

आता वजन. या हार्मोनचा बराचसा भाग रक्तात एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरतो, जेमतेम दोन टक्के मोकळा असतो. पोट सुटलं, साखर वाढायला लागली की एसएचबीजी कमी होतं, मग टोटल आकडा कमी दिसतो पण मोकळा भाग ठीक असू शकतो. तुमच्या ५.९ आणि ९१ किलोकडे बघून मला हीच शंका जास्त येते. तेव्हा पुढच्या वेळी टोटलसोबत एसएचबीजी आणि अल्ब्युमिन (हेही रक्तातलं प्रथिनच) करा, मोकळं टेस्टोस्टेरॉन त्यावरून गणित करून काढतात. लॅबवाले थेट 'फ्री टेस्टोस्टेरॉन' विकतात, त्या किटवर माझा भरवसा नाही. पुन्हा कमीच आलं तर एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन (हाही पिट्युटरीचाच हार्मोन). एलएच वाढलेलं असेल तर दोष वृषणांत, नसेल तर वरून, म्हणजे पिट्युटरीच्या बाजूने. मुलाचा विचार आहेच तर वीर्यतपासणीही उरकून घ्या.

सायली_मिरज: दादा, घोरण्याचं मनावर घ्या. माझ्या मिस्टरांचं असंच होतं, झोपेत श्वास अडकायचा. स्लीप स्टडी केली, रात्री मशीन लावायला लागले आणि दुपारची झापड गेली. हार्मोनचं मला कळत नाही, पण तुमचं वर्णन वाचून तेच आठवलं.

टेस्टट्यूब: आणि रक्त तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात देऊच नका. चार-पाच रात्री नीट झोप झाल्यावर द्या. तापात किंवा आजारपणातही नको, तेव्हा सगळ्यांचंच खाली येतं.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. गोळीचं पाकीट बघितलं, बायोटिन आहे, बंद केली. म्हणजे तो टीएसएचसुद्धा परत करावा लागणार तर. पुढच्या आठवड्यात दुसरी पाळी आहे, शेवटी शेवटी सकाळी आठला लॅबमध्ये स्वतः जाऊन देतो. कडूकिराईत साहेब, एक राहिलं: स्लीप स्टडी आधी करू की रक्ताचे रिपोर्ट आल्यावर? आणि कोल्हापूर-सांगलीकडे ती घरच्या घरी करून देणारं कोणी आहे का, की दवाखान्यात रात्रभर झोपावं लागतं?