प्रिलिममधला गोवर-फ्लूचा प्रश्न: 'म्युटेशन' एवढंच उत्तर पुरतं का?

ओवी_बारावी_बी
आमच्या कॉलेजच्या बायोच्या प्रिलिमला आलेला प्रश्न असा: "गोवर व इन्फ्लुएन्झा हे दोन्ही आरएनए विषाणूंमुळे होणारे आजार आहेत. गोवर एकदा होऊन गेला की सहसा परत होत नाही, फ्लू मात्र पुन्हा पुन्हा होतो. कारणे द्या. (4 गुण)"

आन्सर कीमध्ये एकच मुद्दा: आरएनए विषाणूत (ज्यांचं जनुकीय साहित्य आरएनए असतं) म्युटेशन, म्हणजे जनुकीय बदल, फार होतात, म्हणून मेमरी सेल (आधीचा संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या पेशी) नव्या विषाणूला ओळखत नाहीत. हे जसंच्या तसं उतरवणाऱ्यांना चारपैकी चार. माझं म्हणणं, हे उत्तरच नाही. दोन्ही आरएनए विषाणू आहेत हे प्रश्नातच दिलंय. मग तो नियम गोवरला का लागू होत नाही? मी लिहिलं की बदल गोवरच्या विषाणूतही होतात, पण अँटिबॉडी ज्या प्रथिनाला चिकटते त्यात फारसा बदल त्याला परवडत नाही. मिळाले दीड मार्क. विचारायला गेले तर मॅडम म्हणाल्या, "पुस्तकात आहे तेवढंच लिहायचं."
तुम्हाला काय वाटतं?

नीट_दुसऱ्यांदा
मॅडमचं बरोबर आहे. राग मानू नकोस. बोर्डाचा पेपर तपासणाऱ्यासमोर गठ्ठा असतो, तुझा युक्तिवाद वाचत बसायला त्याला वेळ नसतो. म्युटेशन, अँटिजन (विषाणूचा जो भाग शरीर ओळखतं तो), मेमरी सेल हे तीन शब्द लिही, खाली रेघ मार, पुढच्या प्रश्नाला लाग. बाकीचं शहाणपण मेडिकलला गेल्यावर. मी हेच शहाणपण करत बसलो म्हणून आज रिपीटर आहे.

ससून_रोडची_मायक्रो
ओवीचं शास्त्र बरोबर आहे. मी एमबीबीएस दुसऱ्या वर्षाला आहे, मायक्रो (सूक्ष्मजीवशास्त्र) चालूच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पॉलिमरेज (विषाणूच्या आरएनएची नक्कल करणारं एन्झाइम) चुका करतं आणि त्या तपासत नाही, हे गोवर आणि फ्लू दोघांनाही लागू. फरक पुढे पडतो. गोवरचा विषाणू पेशीला धरतो तो त्याच्या एच प्रथिनाने. या प्रथिनाच्या महत्त्वाच्या जागा बदलल्या तर पेशीत शिरणंच अवघड होतं, म्हणजे बदललेला विषाणू तिथेच संपतो. त्यामुळे गोवरचा आजही एकच सीरोटाइप, म्हणजे अँटिबॉडीला ओळखू येणारा एकच प्रकार. गोवराच्या लशीतला एडमन्स्टन हा स्ट्रेन (विषाणूचा वाण) 1954 साली वेगळा केलेला. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट जी लस बनवते तिच्यातही त्याचाच वंशज, एडमन्स्टन-झाग्रेब. इतकी जुनी लस आजही चालते, यातच काय ते आलं.

फ्लूच्या हिमॅग्लुटिनिनचा (पेशीला धरणाऱ्या प्रथिनाचा) शेंडा मात्र भरपूर बदल सहन करतो. शिवाय त्याच्या जिनोमचे (सगळ्या जनुकीय साहित्याचे) 8 सुटे तुकडे. दोन वेगळे फ्लू एकाच पेशीत शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेला वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीसाठी नवे स्ट्रेन सुचवावे लागतात.

कोल्हापुरी_रांगडा
आमची आजी म्हणायची गोवर एकदाच निघतो. उशाशी कडुलिंब, घरात फोडणी बंद, झालं. आजीला चारपैकी चार द्या.

लातूर_पॅटर्न_नको
मला तुमच्या दोघींचंही उत्तर अर्धवट वाटतं. मुख्य फरक वेळेचा आहे. गोवराचा विषाणू अंगात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण 10 ते 14 दिवस जातात. मेमरी सेलना जागं व्हायला, अँटिबॉडी वाढवायला भरपूर सवड. फ्लू 1 ते 4 दिवसांत अंगावर येतो. मेमरी असली तरी ती कामाला लागेपर्यंत तुम्ही गोधडीत. विषाणू अजिबात बदलला नाही तरी हेच होणार.

ससून_रोडची_मायक्रो
मग 1977 चं काय करणार? त्या वर्षी एच1एन1 फ्लू परत आला, आणि तो 1950 च्या सुमाराच्या विषाणूशी जवळपास तंतोतंत जुळणारा होता. आजारी पडले ते बहुतांशी पंचविशीच्या आतले, म्हणजे तो जुना विषाणू ज्यांनी कधी पाहिलाच नव्हता ते. थोरले बरेचसे सुटले. आजार तोच, एक-दोन दिवसांत अंगावर येणारा. तरीही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची ओळख पुरली. विषाणू तोच असेल तर फ्लूतही शरीर वेळेत पोचतं.

लातूर_पॅटर्न_नको
1977 चा मुद्दा वजनदार आहे, पण मग आरएसव्ही (श्वासमार्गाला होणारा एक विषाणू) घ्या. हाही आरएनए विषाणू, फ्लूइतका बदलत नाही, तरी माणसाला आयुष्यात अनेकदा होतो. नाक आणि श्वासमार्गाच्या अस्तरावर काम उरकतो, आणि तिथली अँटिबॉडी लवकर ओसरते. गोवर रक्तातून अंगभर फिरतो, त्यामुळे रक्तातल्या अँटिबॉडीच्या तावडीत सापडतो. तुमच्या 'प्रथिन बदलत नाही' या एका कारणात आरएसव्ही बसवून दाखवा.

ओवी_बारावी_बी
पण प्रश्न आरएसव्हीचा नव्हताच. गोवर आणि फ्लू या जोडीत फरक कशाने पडतो एवढंच विचारलंय.

लातूर_पॅटर्न_नको
"कारणे द्या" म्हटलंय. अनेकवचन.

खडू_आणि_डस्टर
मुलांनो, मी ज्युनिअर कॉलेजला बायो शिकवतो, पेपरही तपासतो. चर्चा छान चाललीय, पण एक पाया राहिला: गोवराची मेमरी खरंच जन्मभर टिकते हे कळलं कसं? 1846 मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला. सुमारे 7,800 वस्तीपैकी 6,000 हून जास्त लोकांना गोवर झाला. पण 1781 च्या साथीत ज्यांना तो होऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांना झाला नाही. मधली 65 वर्षं बेटांवर गोवर नव्हता, म्हणजे अधूनमधून उजळणी न होताही प्रतिकारशक्ती टिकली. हे वर्गात सांगितलं की पोरं मान वर करतात.

आता मार्कांचं. प्रश्न चांगला, आन्सर की आळशी. चार मार्कांना एक मुद्दा नसतो. मी असतो तर मेमरी सेलचं काम 1, फ्लूच्या अँटिजनचा बदल 1, गोवरचा अँटिजन का बदलत नाही याला 2 असे दिले असते. नुसतं म्युटेशन लिहिणाऱ्याला दोनच.

नीट_दुसऱ्यांदा
सर, आदर आहे, पण तुम्ही असता तर. तपासणारे तुम्ही नसता ना. ज्या कॉलेजात प्रॅक्टिकलसुद्धा जर्नल उतरवून होतं, तिथल्या पोराने एच प्रथिन कुठून आणायचं? पुस्तकात नाही, नोट्समध्ये नाही. असा प्रश्न म्हणजे भारी क्लास लावणाऱ्यांना फुकटचे मार्क.

ओवी_बारावी_बी
उलट आहे. भारी क्लासच्याच छापील नोट्समध्ये 'आरएनए म्हणजे म्युटेशन' ही ओळ आहे, आणि चारपैकी चार त्यांनाच मिळालेत. एच प्रथिनाचं नाव मीही लिहिलं नव्हतं. प्रश्नात दोन्ही आरएनए आहेत एवढं वाचलं तरी नुसत्या म्युटेशनने भागत नाही हे कळतं. त्याला क्लास लागत नाही.

ससून_रोडची_मायक्रो
गंमत म्हणून: गोवरचा विषाणू स्वतःची आठवण पक्की ठेवून जातो, पण मेमरी सेलमध्येच शिरून बाकीच्या आजारांची आठवण पुसतो. 2019 च्या संशोधनात लस न घेतलेल्या मुलांमध्ये गोवरानंतर इतर रोगजंतूंविरुद्धच्या बऱ्याच अँटिबॉडी गायब झालेल्या दिसल्या. पुढच्या प्रिलिमला हा प्रश्न आला तर आन्सर कीमध्ये काय असेल?

नीट_दुसऱ्यांदा
म्युटेशन.

ते जाऊ दे. मला बोर्डात लिहिता येईल असं चार ओळींत सांगा कुणीतरी.

खडू_आणि_डस्टर
लिही: "पहिल्या संसर्गानंतर तयार झालेल्या मेमरी सेल तोच अँटिजन पुन्हा आला की वेगाने प्रतिसाद देतात. दोन्ही विषाणूंत म्युटेशन होतात. फ्लूचा पृष्ठभागावरील अँटिजन त्यामुळे बदलत राहतो व जुन्या मेमरी सेल त्याला नीट ओळखत नाहीत. गोवरचा अँटिजन बदलल्यास विषाणूला पेशीत शिरणे कठीण होते, म्हणून तो जवळपास तसाच राहतो व ओळखला जातो."

लातूर_पॅटर्न_नको
आणि वेळेचं? अस्तराचं?

खडू_आणि_डस्टर
जागा उरली तर पाचवी ओळ. पुरवणी त्यासाठी मागू नकोस.

नीट_दुसऱ्यांदा
हे चालेल. पण मी सुरुवात म्युटेशन याच शब्दाने करणार, आणि खाली रेघ मारणार.