प्रिव्हेंट-डिफॉल्ट लिहूनही फॉर्म सबमिट होतोच, अडवायचा कसा?

प्रश्न
नोंदणीचा फॉर्म आहे, बटणं दोन: ‘मसुदा ठेवा’ आणि ‘पाठवा’. सबमिट इव्हेंटवर (फॉर्म पाठवताना ब्राउझर जी सूचना देतो तिच्यावर) अ‍ॅसिंक फंक्शन (मध्ये थांबू शकणारं) लावलंय. मोबाइल नंबर आधीच नोंदलेला आहे का ते अवेट करून (उत्तराची वाट बघून) फेचने, म्हणजे पान न बदलता, सर्व्हरला विचारतो, असेल तर प्रिव्हेंट-डिफॉल्ट (ब्राउझरची नेहमीची कृती, इथे सबमिट, अडवणारी आज्ञा). तरी पान रीलोड होतं. शिवाय जिल्हा बदलला की तालुक्यांची यादी आणायला एक जुनी स्क्रिप्ट थेट फॉर्म डॉट सबमिट कॉल करते, तेव्हा माझं फंक्शन चालतच नाही. कन्सोल स्वच्छ, एरर नाही.

उत्तर १
ब्राउझर तुमच्या प्रॉमिससाठी (नंतर येणाऱ्या उत्तरासाठी) थांबत नाही. पहिल्या अवेटला फंक्शन परत फिरतं, आणि तोवर अडवलं नसेल तर फॉर्म गेला. प्रिव्हेंट-डिफॉल्ट अगदी पहिल्या ओळीत, विनाअट. मग तपासणी, आणि नंबर नवा असेल तर डेटा स्वतः फेचने पाठवा. तिथे रिक्वेस्ट-सबमिट (बटण दाबल्यासारखा फॉर्म पाठवणारी आज्ञा) वापरलंत तर तोच इव्हेंट पुन्हा उठेल आणि गोल गोल फिराल. वापरायचंच असेल तर ‘तपासून झालं’ असा फ्लॅग (खुणेचं व्हेरिएबल) ठेवा.

उत्तर २
जुन्या स्क्रिप्टचं कोडं साधं आहे. फॉर्म डॉट सबमिट हा सबमिट इव्हेंट उठवतच नाही, रिक्वायर्ड (सक्तीचं फील्ड) वगैरे व्हॅलिडेशनही, म्हणजे भरलेल्याची तपासणीही, करत नाही. तिथे रिक्वेस्ट-सबमिट लिहा, तो दोन्ही करतो.

उत्तर ३
वर फेच सुचवलंय, त्यात दोन बटणांमुळे फसाल. फॉर्मडेटाला (पाठवायच्या फील्डचा गठ्ठा बनवणाऱ्या ऑब्जेक्टला) नुसता फॉर्म दिला तर दाबलेल्या बटणाचं नाव त्यात येत नाही, आणि मसुदा की पाठवा हे सर्व्हरला कळत नाही. इव्हेंटमधलं सबमिटर (दाबलेलं बटण) घ्या आणि त्याचं नाव-व्हॅल्यू अपेंड करा. डबल क्लिक टाळायला बटण डिसेबल करा, पण इनपुट डिसेबल करायची तर फॉर्मडेटा बनवल्यानंतर; डिसेबल फील्ड त्यात येत नाहीत. कंटेंट-टाइप हेडर (डेटाचा प्रकार सांगणारी ओळ) हाताने लिहू नका, मल्टिपार्टची बाउंड्री (फील्ड वेगळी करणारी खूण) जाते आणि सर्व्हरला फॉर्म रिकामा दिसतो. आणि ५०० (सर्व्हरची एरर) आला तरी फेच कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या भागात) जात नाही, रिस्पॉन्स डॉट ओके बघावंच लागतं.

प्रश्नकर्ता
पहिलं सुटलं, धन्यवाद. पण रिक्वेस्ट-सबमिट लावल्यापासून जिल्हा बदलला की ‘हे फील्ड भरा’ असा फुगा येतो आणि तालुके येत नाहीत.

उत्तर २
येणारच. अर्धवट फॉर्म व्हॅलिडेशनला अडकतो, सबमिट इव्हेंटपर्यंत पोचतच नाही. फॉर्ममध्ये फॉर्म-नोव्हॅलिडेट (व्हॅलिडेशन टाळा) लावलेलं एक लपवलेलं सबमिट बटण ठेवा आणि तेच रिक्वेस्ट-सबमिटला द्या. ते फॉर्मच्या अगदी वर नको, नाहीतर एंटर दाबला की तेच चालेल. तुमच्या फंक्शनात सबमिटर हे बटण असेल तर प्रिव्हेंट-डिफॉल्टच्या आधीच रिटर्न करा. पहिल्या ओळीच्या नियमाला हा एकच अपवाद. खरं तर तालुक्यांसाठी सबमिट कशाला? सिलेक्टच्या चेंज इव्हेंटवर यादी फेच करा आणि ती जुनी ओळ उडवा.