विश्वात्मक देवाकडे मागणे मागता येते काय?

गिरगावकर (चर्चाप्रस्ताव)

प्रार्थना समाजाची स्थापना १८६७ साली मुंबईत झाली. आज ते नाव उच्चारले की बहुतेकांना गिरगावातला नाका आठवतो, विचार आठवत नाही. न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर यांनी पुरस्कारलेली त्या समाजाची भूमिका अशी की, ईश्वर एकच असून तो जगाचा कर्ता व नियंता आहे, तो अवतार घेत नाही आणि प्रेमपूर्वक उपासना हाच त्याच्याशी नाते जोडण्याचा मार्ग आहे. म्हणजे तो जगाहून निराळा आहे, पण जगाला पारखा नाही. सृष्टी घडवून तिला नियमांच्या हवाली करणारा आणि नंतर तिकडे न फिरकणारा ईश्वर युरोपातील काही विचारवंतांनी कल्पिला होता. तसल्या ईश्वराची प्रार्थना करण्यात अर्थ नाही.

अद्वैतापेक्षा ही भूमिका मला अधिक प्रामाणिक वाटते. जे जे आहे ते सारे ब्रह्मच असेल, तर २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत कोसळलेला ९४४ मिलिमीटर पाऊस, मिठी नदीचा पूर आणि त्यात बुडालेली माणसे हीसुद्धा ब्रह्मच ठरतात, आणि मग ‘हे वाईट झाले’ असे कोणी कोणाला म्हणायचे? ईश्वर कर्मानुसार फळ देतो, म्हणून त्याच्यावर पक्षपाताचा वा क्रौर्याचा दोष येत नाही, असे उत्तर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात दिले आहे. बुडालेल्याच्या घरी जाऊन ते उच्चारण्याचे धाडस निदान मला होणार नाही. शिवाय खुद्द ज्ञानदेव ‘तोषोनि मज द्यावे’ असे मागतात. मागणारा आणि देणारा दोन नसतील, तर पसायदान कोणाकडे मागितले?

पार्लेकर

आपण शंकराचार्यांना खोडून काढले आणि दोष ज्ञानदेवांच्या माथी मारलात. त्यांच्या ‘अमृतानुभव’ या ग्रंथात अज्ञानाचेच खंडन आहे. तिथे जग हा भास नसून चैतन्याचा विलास आहे. मागणे कसे शक्य होते, याचेही उत्तर त्याच ग्रंथात आहे: ‘देव देऊळ परिवारु। कीजे कोरूनि डोंगरु। तैसा भक्तीचा व्यवहारु। कां न व्हावा॥’ अपोलो बंदरावरून लाँचने घारापुरीला जाऊन ही ओवी म्हणून पाहावी. शिव, त्याचे द्वारपाल, खांब आणि गाभारा हे सगळे एकाच खडकाचे आहेत, तरी द्वारपाल द्वारपालच राहतो आणि शिव शिवच. अभेदात भक्तीला जागा असते ती अशी.

उलट, आपला निराळा ईश्वर पूर थांबवू शकत होता आणि त्याने तो थांबवला नाही. हे कोडे माझ्यापेक्षा आपल्याला अधिक जड जाणार आहे.

गिरगावकर

घारापुरीची लेणी डोंगराने स्वतः कोरली नाहीत. छिन्नी हातात घेतलेला कारागीर डोंगराबाहेर उभा होता, आणि मी कर्ता म्हणतो तो त्यालाच. पुराचे कोडे मला जड जाते, हे मान्य. पण मला निदान ईश्वराकडे तक्रार घेऊन जाता येते.

माहीमकर

विशिष्टाद्वैत मांडणाऱ्या रामानुजांना वगळून हा वाद चालला आहे, याचे आश्चर्य वाटते. त्यांच्या मते जग हे ईश्वराचे शरीर आणि ईश्वर त्याचा आत्मा. तो त्याला धारण करतो, चालवतो, पण बालपण-वार्धक्य जसे देहाचे असते, आत्म्याचे नसते, तसे जगातले दोष त्याला चिकटत नाहीत. यात गिरगावकरांना हवा असलेला नियंता आहे आणि पार्लेकरांना हवी असलेली जवळीकही आहे.

आणखी एक. ज्यांच्या दर्ग्यावरून आम्ही रोज ये-जा करतो ते मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबींच्या ‘वहदत-उल-वुजूद’ म्हणजे अस्तित्वाच्या एकत्वाच्या विचाराचे भाष्यकार होते, आणि कुराणावरही त्यांनी अरबीत भाष्य लिहिले. अस्तित्व एकच मानल्यावर प्रार्थना संपते, हे भय त्यांना वाटलेले दिसत नाही.

दादरची वाचक

मिठीचे पात्र भराव आणि अतिक्रमणांनी आवळले गेले होते. पुराचा तो भाग तरी कृपया कोणत्याही ईश्वराच्या नावे मांडू नये.

गिरगावकर

भराव माणसांचा होता, पाऊस नव्हता. माहीमकरांना एवढेच विचारतो की, देहाला दुखले तर आत्म्याला कळते. मग जगाच्या दुःखाने ईश्वर कळवळतो की नाही? दुःख कर्मामुळे होते आणि ईश्वर कर्माने बांधलेला नाही, असे रामानुज म्हणतात. म्हणजे शरीर त्याचे, पण वेदना मात्र आमच्या!

राहिले पसायदान. त्याच्या शेवटी विश्वेश्वर ‘हा होईल दानपसावो’ असे म्हणतो आणि ज्ञानदेव सुखी होतो. इथे एकाने मागितले आणि दुसऱ्याने दिले, हे उघड आहे.

पार्लेकर

तो विश्वेश्वर म्हणजे गुरू निवृत्तिनाथ, असा अर्थ परंपरेने घेतला जातो; आणि गुरू व शिष्य हे दोन उरतच नाहीत, हे अमृतानुभवाच्या दुसऱ्या प्रकरणात ज्ञानदेवांनी ओवीमागून ओवीत सांगितले आहे. आपण दोघांची साक्ष काढलीत आणि ते दोघे तर एकच निघाले.